गर्जे सरांच्या पाच कोप्या

गर्जे सर बोटाला थुंकी लावून पुस्तकाचं पान उलटायचे. मी नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि ही सवय मला कुणाचीच सहन होत नाही. खरं सांगायचं तर माणसांच्या बहुतेक सवयींची मला किळस येते, पण थुंकीच्या बोटाची शिसारी वेगळीच. त्यात सरांचा हात पडायचा तो नेमका लायब्ररीतल्या सगळ्यात जुन्या, जाडजूड ॲटलासवर. दक्षिण गोलार्धाच्या पानाचा खालचा कोपरा त्यांनी ओला करून करून अगदी मऊ करून टाकला होता. शेवटी मी त्यांच्यासमोर पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवला, पोस्टात असतो तसा. त्यांनी तो उचलून उलटसुलट पाहिला, "लई बेस हाय," म्हणाले आणि त्यानं बुटाचा तळ पुसायला घेतला.

ते भूगोल शिकवायचे. उंच, काटकुळे, मानेवर उन्हानं पडलेल्या घड्या. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलेलं. वर्गात बोलायचे ते छापील पुस्तकासारखं, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की थेट पाथर्डीचं. लग्न केलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न बसता ते माझ्या टेबलाशी येऊन बसायचे, कारण ॲटलास बाहेर न्यायला मी देत नसे. माझं टेबल मी रोज सकाळी स्वतः डेटॉलच्या पाण्यानं पुसते. दुपारी त्यावर गर्जे सरांची कोपरं असायची.

त्यांच्या डोक्यात एक बेट होतं. जगाच्या नकाशात ते शोधायला भिंग लागायचं. दक्षिणेकडच्या एका देशाच्याही दक्षिणेला, समुद्रात एकटं पडलेलं. एका टोकाला एवढंसं गाव, बाकी नुसतं जंगल, चिखल, पाऊस आणि पक्षी. त्या जंगलातून सहा दिवसांची पायवाट आणि वाटेवर पाच झोपड्या. दिवसभर चालायचं, संध्याकाळी झोपडी गाठायची, फळीवर झोपायचं, सकाळी झोपडी झाडून पुढच्या झोपडीकडं निघायचं. तिथं दिवा नाही, राखणदार नाही, जेवण नाही. छपरावरून टाकीत उतरलेलं पावसाचं पाणी प्यायचं. आपला कचरा आपल्याच पिशवीत भरून परत आणायचा.

हे ऐकून शहाण्या माणसानं ॲटलास मिटला असता. मी हो म्हणाले. का म्हणाले, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा जिथं माणसंच नाहीत अशी जागा मला पहिल्यांदाच कुणीतरी दाखवत होतं.

पण सरांना माणसं हवी होती. वाट जिथं सुरू होते तिथवर होडीनं जावं लागतं आणि चारजण झाल्याशिवाय होडी सुटत नाही. शिवाय त्यांचा उजवा गुडघा झिजलेला. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या दिवाळीपर्यंत काय चालायचं ते चालून घ्या, मग ऑपरेशन. सर म्हणायचे, "पुढली दिवाळी. न्हाईतर न्हाईच."

तर आम्ही चौघं झालो. सर, मी, इंग्रजी शिकवणाऱ्या सय्यद मॅडम आणि ऑफिसातले साळवे, ज्यांना संगणकावरचा कुठलाही अर्ज भरता येतो. सरांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला, वर चार नावं, खाली कुणी काय उचलायचं ते, आणि तो माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. तिथून पुढं माझं टेबल माझं राहिलं नाही.

त्या बेटावर बाहेरची माती नेलेली चालत नाही, बुटांचे तळसुद्धा तपासतात, हे त्यांना कळलं आणि दर शुक्रवारी ते वर्तमानपत्र पसरून जुन्या टूथब्रशनं बूट घासू लागले. खाचांमधून सुकलेलं शेण, गोखरू, कसलीतरी लव निघायची. "आमच्या पाथर्डीची माती तिकडं चालत न्हाई," असं कौतुकानं सांगत ते पिनेनं उरलंसुरलं टोकरायचे. मग जेवणाचा नाद लागला. वजन कमी व्हावं म्हणून सगळं वाळवून न्यायचं. त्यांनी पिठलं शिजवून ताटात पसरलं आणि संदर्भग्रंथांच्या खिडकीत उन्हाला ठेवलं. तीन दिवस माशा. चौथ्या दिवशी त्याचा भुगा करून, गरम पाण्यात कालवून, त्यांनी तो मला चाखायला दिला. मी रुमालात थुंकले आणि तो रुमाल टाकून दिला. एकच मोजा किती दिवस घालता येतो याचाही त्यांनी प्रयोग केला. नवव्या दिवशी मीच खिडक्या उघडल्या.

सगळ्यात उबग आणायचा तो त्यांचा एक प्रश्न. एका रविवारी आम्हाला पाठीवरच्या पिशव्या भरून आणायला सांगितलं होतं. सरांनी काटा आणलेला. एकेक वस्तू उचलायची, डोळ्यासमोर धरायची आणि विचारायचं, "गरज का वजन?" साळव्यांच्या पिशवीतून केसांच्या कलपाची डबी निघाली. सर नुसते तिच्याकडं बघत राहिले, साळव्यांनीच ती खिशात घातली. सय्यद मॅडमची नमाजाची चटई निघाली. सरांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "गरज." सरांनी मान हलवली, स्वतःचा पंचा काढला, माझी कात्री घेतली, त्याचे दोन तुकडे केले, एक ठेवला आणि एक टाकला. "झाली भरपाई." माझ्याकडं सॅनिटायझरच्या तीन बाटल्या होत्या.

"वजन," सर म्हणाले.

"गरज आहे, सर."

"मॅडम, तितं मानूस न्हाई. कुनाचा हात लागनार तुमाला?"

"तुमचा," मी म्हणाले. ते खो खो हसले. माझ्या बोलण्याचा त्यांना कधी रागच यायचा नाही, याचाही मला राग यायचा.

दर रविवारी सकाळी पाठीवर विटा घेऊन आम्ही चांदबीबीच्या महालाचा डोंगर चढायचो. वर पोचलं की सर बूट काढायचे. त्या पायांचं वर्णन करायची माझी इच्छा नाही. एकदा टाचेवरचा फोड सुईनं फोडत असतानाच त्यांनी मला आपल्या जन्माची हकिकत सांगितली. मी दुसरीकडं बघत होते, पण कान बंद करता येत नाहीत.

"माझा जल्म कोपीतला," ते म्हणाले. कोपी म्हणजे ऊसतोड करणाऱ्यांचं खोपट, बांबू वाकवून त्यावर चटया आणि पाचट टाकून केलेलं. दिवाळी झाली की गाव सोडायचं, एका फडावरून दुसऱ्या फडावर, एका कोपीतून दुसऱ्या कोपीत. "आई डोक्यावर भांडी घिऊन म्होरं, मी मागं. कुटं चाललोय, ते मुकादमाला ठावं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नाव बापाचं. आई सोळा वरीस तोडत हुती, तिचं नाव कुन्या वहीत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं की त्या बेटावर प्रत्येक झोपडीत एक वही ठेवलेली असते. येणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं, कुठून आलो आणि उद्या कुठं निघालो ते लिहायचं. माणूस हरवला तर शोधणाऱ्यांना कळावं म्हणून.

"कुटं चाललो हे आपुन सोता लिवायचं," सर म्हणाले. "एकदा तसं चालायचंय. आपल्या मर्जीनं, कोपी ते कोपी." आणि त्याच हातानं पिशवीतलं केळं काढून मला देऊ लागले. मी घेतलं नाही. मला उपास आहे, असं सांगितलं. उपासाला केळं चालतं हे त्यांना माहीत होतंच, पण त्यांनी ते गुपचूप सय्यद मॅडमना दिलं.

फेब्रुवारीत त्यांनी रंगीत तालीम ठरवली. नदीकाठच्या एका साखर कारखान्याजवळ त्यांच्या गावची टोळी उतरली होती. त्यांची चुलतबहीण पारूबाई त्या टोळीत नवऱ्याबरोबर तोडणीला आली होती. "एक रात कोपीत काढू. बेटावरल्या झोपड्या हिच्या म्होरं म्हाल वाटतील," सर म्हणाले. गाडी माझी होती. दुपारी चारला आम्ही पोचलो.

उतरल्या उतरल्या मळीचा वास नाकात शिरला, कुजक्या गोडसर वासाची लाटच. बैल, शेण, उसाची वाढी, चुलींचा धूर, उघड्यावर वाळणारे कपडे, आणि कोप्यांची रांग. दोन कोप्यांच्या मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी जागा. मी रुमाल नाकाला लावला तो काढलाच नाही. साळवे फोनवर फोटो काढत होते. एका बाईनं तोंडावर पदर ओढला, तरी ते काढतच होते. सय्यद मॅडमनी त्यांचा हात खाली केला.

पारूबाई चाळिशीची असेल, दिसत होती साठीची. त्या दिवशी ती फडावरून दुपारीच परतली होती, आमच्यासाठी. तिनं आम्हाला एका कोपीत नेलं. आत काहीच नव्हतं. सारवलेली ओली जमीन, पाण्याचा एक तांब्या आणि अंथरलेलं एक पोतं. पाव्हण्यांसाठी एखादी मोकळी कोपी बांधून ठेवत असतील, असं मला वाटलं. मी आत वाकून पाहिलं आणि पहिला विचार आला तो इथं शेजारी सरांचे पाय असणार हा.

"बसा की ताई. च्या घ्या," पारूबाई म्हणाली.

स्टीलचा पेला, कडा चेपलेल्या. शेळीच्या दुधाचा चहा, वर चुलीतल्या राखेचा एक कण तरंगत होता. सय्यद मॅडम फुंकर मारून मारून पीत होत्या. पारूबाई दारात उभी राहून माझ्याकडंच बघत होती. मी फोन आल्याचं निमित्त केलं, पेला घेऊन बाहेर पडले आणि कोपीच्या मागं गेले. तिथं प्लास्टिकचा फाटका कागद टाकलेला एक ढीग होता. कचरा समजून मी त्यावर पेला उपडा केला.

कागद फाटला होता तिथून चहा आत गेला. तेव्हा मला गोधडीचा कोपरा दिसला. खाली आणखी गोधड्या, पिठाचा डबा, एक लहान मुलाचं टोपडं, देवाची तसबीर. पाठीमागं पावलं वाजली. पारूबाई घागर घेऊन आली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वाळंल."

"हे सामान..." मी म्हणाले.

"आमचंच हाय. आजच्याला भाईर काडलंय. तुमाला आयसपैस पायजे ना."

म्हणजे ती कोपी तिची होती. स्वतःचा संसार बाहेर काढून, जमीन सारवून तिनं ती आम्हाला दिली होती आणि त्या रात्री ते सगळे त्या कागदाखाली झोपणार होते. त्यांची गोधडी मी भिजवली होती. एखाद्या बाईनं अशा वेळी काय करावं? मी माफी मागायला हवी होती, गोधडी पिळायला हवी होती. पण खरं सांगते, त्या क्षणीही मला आधी किळसच आली. त्या वासाची, त्या घागरीची, आणि सगळ्यात जास्त माझ्याकडं न रागावता बघणाऱ्या त्या तोंडाची. मी कोपीपुढं आले आणि जाहीर केलं की माझी अर्धशिशी उठली आहे, मला घरी जायला हवं.

साळवे लगेच उठले. त्यांना निमित्तच हवं होतं. सय्यद मॅडम म्हणाल्या, "अहो, त्यांनी जेवण रांधलंय." पण गाडी माझी होती आणि तिथून रात्री परतीची एसटी नव्हती. त्याही आल्या, पण मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सर आमच्याबरोबर निघाले नाहीत. कोपीच्या दारात उकिडवे बसून ते बाजरीची भाकरी मोडत होते. आमची गाडी वळली तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दिवस अजून मावळलाही नव्हता.

सोमवारी मधल्या सुट्टीत सर नेहमीसारखे आले. काच उचलून तक्ता काढला, पट्टी मागितली. पट्टी धरून त्यांनी तीन नावांवर तीन सरळ रेघा मारल्या, शिक्षक उत्तरपत्रिकेतला रिकामा भाग खोडतात तशा. सय्यद मॅडम तिथंच उभ्या होत्या.

"माझंही, सर?"

"वजन कमी केलं," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, खाली आणला नाही. तक्ता परत काचेखाली सारला, ॲटलास उघडला, बोट जिभेला लावलं.

मला वाटलं होतं, आता ते माझ्या टेबलाशी येणं बंद करतील. तसं झालं असतं तर मी सुटले असते. ते येतच राहिले. बूट घासायचे, पिठलं वाळवायचे, "कशा हायसा मॅडम," विचारायचे. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मी एकदा पारूबाईसाठी नवी गोधडी देऊ केली, तेव्हा तेवढं म्हणाले, "तिच्याकडं हायत." काचेखालून ती तीन खोडलेली नावं रोज माझ्याकडं बघायची. तक्ता काढून टाकावा असं अनेकदा मनात आलं, पण त्यांच्या त्या बोटानं हाताळलेला कागद धरायलाही मला नको वाटे. माणूस स्वतःला किती कंटाळू शकतो, ते त्या पावसाळ्यात मला कळलं.

होडीचं मात्र अडलं होतं. एकट्या माणसासाठी ती सुटणार नव्हती. दिवाळी जवळ येत चालली आणि सरांचा गुडघा जिना चढताना वाजू लागला. शेवटी सय्यद मॅडमनी, कुणी न सांगता, त्या बेटावरच्या होडीवालीला इंग्रजीत पत्र लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही. उत्तर आलं की तीन अनोळखी माणसं त्याच आठवड्यात येत आहेत, चौथा चालेल. अर्ज साळव्यांनी भरून दिला. आपापल्या परीनं दोघंही सुटले. मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले.

स्टँड माणसांनी फुललेलं. दिवाळी नुकतीच झालेली, आणि पाथर्डीकडची माणसं त्याच दिवसांत तोडणीला निघतात. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. चटयांच्या गुंडाळ्या, पातेली, कोंबड्या, पोरं, आणि गाठोडीच गाठोडी. त्यांच्यामध्ये गर्जे सर आपल्या मोजून भरलेल्या पिशवीवर बसले होते. मला वाटतं, त्यांना ओळखायला मला वेळ लागला.

"आलात व्हय," ते म्हणाले. उठले, टपरीवर गेले आणि दोन चहा घेऊन आले. टपरीवाला काचेचे ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढत होता. ते पाणी मी पाहिलं होतं. सरांनी ग्लास माझ्या हातात दिला. स्वतःचा दोन घोटांत संपवला आणि मिशी मनगटानं पुसली.

बरेच दिवस घोळत होतं ते मी विचारून टाकलं. "सर, त्या झोपड्यांमधल्या वहीत आमची नावं लिहाल?"

ते जरा विचारात पडले. माझं मन मोडू नये म्हणून नव्हे, खरंच हिशेब लावत असल्यासारखे. "न्हाई, मॅडम. तुमी कुटं आलात? आईचं लिवीन. आन् पारूचं. तिनं कोपी दिली हुती."

पुण्याची गाडी लागली. उजवा पाय आधी, मग डावा, अशा बेतानं ते चढले. खिडकीशी बसल्यावर त्यांनी तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं, माझ्या हाताकडं एकदा पाहिलं, तोंडाकडं पाहिलं आणि मग समोर बघू लागले. गाडी हलली.

माझ्या हातातला ग्लास तसाच भरलेला होता. वर साय धरली होती आणि कडेला कुणाच्या तरी ओठाचा जुना डाग होता. चहा ओतायला कुठं जागा मिळते का, ते बघत मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सगळीकडं गाठोडी होती.